हार कसले घालता, हिशेब द्या!

क्रांतिसिंह नाना पाटील यांना जाऊन ६ डिसेंबर २०२६ रोजी पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्याआधी ऑगस्टात त्यांची जयंती, मग क्रांतिदिन, सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या हुतात्म्यांचे दिवस. म्हणजे हारवाल्यांचा, मांडववाल्यांचा आणि फ्लेक्सवाल्यांचा हंगाम आलाच म्हणायचा! सुवर्णस्मृती समित्या निघतील, अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे होतील, चौथऱ्यावर आधी कोणाचा पाय पडावा यावरून कार्यकर्त्यांत धक्काबुक्की होईल. आणि मग ज्यांच्या कारखान्याने मागल्या हंगामातल्या उसाचे पैसे अजून चुकते केलेले नाहीत, असे कोणीतरी गृहस्थ नानांच्या शेतकरीप्रेमावर पाऊण तास बोलतील. हे भविष्य वर्तवायला पंचांग उघडावे लागत नाही. दर जयंतीला महाराष्ट्र हेच पाहतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

आमच्या टाळ्या यंदा मिळणार नाहीत. आम्हाला या मंडळींना एकच विचारायचे आहे. १९४४ साली कुंडलच्या माळावर नानांच्या प्रतिसरकारचे न्यायदान मंडळ बसले असते आणि आजच्या या हारधाऱ्यांना एकेक करून पुढे उभे केले असते, तर त्यांतले किती जण स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले असते?

प्रश्न बोचतो ना? बोचायलाच हवा. कारण नानांचे सरकार होते तरी कसले, हे या महाराष्ट्राने सोयीस्करपणे विसरायचे ठरवले आहे. लक्षात ठेवली आहेत ती फक्त सिनेमात शोभतील अशी दृश्ये. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून लुटलेले पगाराचे पैसे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ हस्तगत केलेला सरकारी खजिना, सुमारे साडेपाच लाखांचा. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील ही नावे घेताना आजही अंगावर काटा येतो आणि तो यावाच. पण खजिना लुटणारे जगात पुष्कळ झाले. लुटीच्या पैशाला हिशेबाची वही लावणारे फार थोडे. सातारच्या मातीने ते करून दाखवले, आणि नेमके तेच आजच्या पुढाऱ्यांना आठवत नाही. वही म्हटले की त्यांच्या पोटात गोळा येतो!

वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचा हा गडी. ३ ऑगस्ट १९०० चा जन्म. तलाठी झाला आणि १९३० च्या कायदेभंगात त्या सरकारी नोकरीवर लाथ मारून बाहेर पडला. त्या काळी तलाठ्याची नोकरी म्हणजे गावातले केवढे वजन, हे खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. सत्यशोधकांच्या तालमीतून आलेला हा माणूस बोलायला उभा राहिला की माळावर बसलेल्या बायाबापड्यांना तो आपल्या घरातलाच कोणी वाटे. १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर लोकांनी तिरंगा लावला. सहा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजला रिकाम्या हातांनी आलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे पडले. कचेरीवर झेंडा लावून राज्य हातात येत नाही, हे सातारकर या रक्ताच्या सडय़ातून शिकले. कचेरी त्यांचीच राहू द्या, पण गाव आपले करायचे, असे त्यांनी ठरवले. १९४३ पासून १९४६ पर्यंत शेकडो गावांतून इंग्रजाचा अंमल नावापुरता उरला. नानांच्या डोक्यावर इनाम लावले गेले, घरदार आणि जमीन सरकारजमा झाली, तरी हा माणूस सापडला नाही. जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर खबऱ्या नेमलेला होता, तिथे तीन-चार वर्षे तो लोकांच्या घरांत झोपला आणि लोकांच्या भाकरीवर जगला.

त्या सरकारने काय केले? गावोगाव न्यायदान मंडळे बसवली. वर्षानुवर्षे कोर्टात कुजत पडलेले बांधाचे, वाटणीचे, गहाणखताचे तंटे पंचांसमोर, चावडीच्या उजेडात मिटवले. सावकाराने गिळलेली जमीन कुळाच्या हातात परत दिली. दारूच्या भट्ट्या फोडल्या. दरोडेखोर आणि गावगुंड यांचा बंदोबस्त केला, आणि ते दरोडेखोर पोलिसांचेच पोसलेले असत हे विशेष. लग्नाच्या खर्चापायी शेतकरी सावकाराच्या दारात जातो, हे ओळखून गांधी विवाह सुरू केले. चार हार, चार माणसे, दोन शब्द आणि लग्न लागले! इंग्रजाशी लढताना, डोक्यावर इनाम असताना, या माणसांना लग्नखर्चाची चिंता करायला सवड मिळाली. आज सत्ता, पोलीस, तिजोरी सारे हाताशी असलेल्यांना ती मिळत नाही. मिळते ती सवड कशाला? हेलिकॉप्टरमधून वरातीवर फुले उधळायला आणि पाच-पाच हजार पानांची जेवणावळ घालायला! ज्या पुढाऱ्याने पोराच्या लग्नात अशी उधळपट्टी केली, तो गावात पायंडा पाडतो. मग दोन एकरवाला त्याच्यामागे धावतो आणि कर्जात बुडतो. प्रतिसरकारच्या दफ्तरी हा गुन्हा होता. आजच्या पुढाऱ्यांच्या लेखी ती प्रतिष्ठा आहे. नानांच्या फोटोला हात जोडताना या प्रतिष्ठितांचा तळवा जरासा तरी भाजत नाही?

इथे एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या शिक्षा कठोर होत्या. तळपायावर बसणारे तडाखे, फितुराला मिळणारी अद्दल, यांत कधी निरपराधही भरडला गेला असेल. त्या न्यायावर अपील नव्हते, वकील नव्हता. आज तसला न्याय आम्हाला नको आणि कोणालाही नको असावा. आम्ही संविधानाच्या राज्यात राहतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण संविधानाच्या राज्यात कायदा पुस्तकात निजून राहणार असेल, तर त्या पुस्तकाला हळदकुंकू वाहून काय उपयोग? आता आम्ही ज्या गोष्टीकडे येत आहोत, ती असल्याच एका निजलेल्या कायद्याची आहे.

नाना पाटील दोनदा लोकसभेत गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यावर स्वार होऊन साताऱ्यातून, आणि १९६७ साली बीडमधून. दोन्ही वेळा कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून. सातारा आणि बीड! ही दोन नावे शेजारीशेजारी ठेवून पाहा. कृष्णाकाठचा ऊस आणि बालाघाटच्या डोंगरातला कोयता. एकीकडे ज्यांच्या उसावर साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या तो मुलूख, आणि दुसरीकडे तो ऊस तोडायला दर दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रकमध्ये बसून जो मुलूख निघतो तो. महाराष्ट्राच्या साखरेची दोन्ही टोके एकाच माणसाने संसदेत मांडली. आणि याच दोन टोकांच्या मधल्या व्यवहारावर आज सगळे राजकारण पोसले जाते.

हा व्यवहार कसा चालतो, ते शहरात बसून चहात दोन चमचे साखर टाकणाऱ्यांनी एकदा ऐकून घ्यावे. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा मुकादम येतो. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्या कोयत्याला तो उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. मुलीचे लग्न, दवाखाना, जुने देणे, सारे त्या उचलीतून निघते. मग पाच-सहा महिने कारखान्याच्या अड्ड्यावर कोपी घालून राहायचे. पहाटे अंधारात फडात उतरायचे. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, गाडी भरायची, रात्री-अपरात्री ट्रक आला तर उठून पुन्हा भरायची. टनामागे मजुरी धरायची आणि ती उचलीतून वळती करायची. एक दिवस आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचा दंड. हंगाम संपून पट्टा पडतो तेव्हा हिशेब मुकादमाच्या वहीत होतो. ती वही तोडणाऱ्याने कधी उघडून पाहिलेली नसते. बाकी निघते. ती अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला तोच मुकादम, तोच अड्डा, तीच कोपी. मधेच पळून जावे तर मुकादमाची माणसे गाव गाठतात. म्हाताऱ्या आईला, धाकट्या भावाला बसवून ठेवल्याच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

कारखान्याच्या हजेरीपटावर या माणसाचे नाव नसते. तो कारखान्याचा कामगार नाही, शेतकऱ्याचा मजूर नाही, वाहतूकदाराचाही कोणी नाही. सगळ्यांना त्याने तोडलेला ऊस हवा आहे, मालक मात्र कोणालाच व्हायचे नाही! साखरेचे पोते बाहेर पडते तेव्हा त्यावर कारखान्याचे नाव ठसठशीत छापलेले असते. फडात साप चावून बाई गेली, की कारखान्याचे नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही.

आणि बाईचे काय? २०१९ साली राज्य सरकारनेच नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांची पाहणी केली. तेरा हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली आढळली. तेरा हजार! त्यांतल्या कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, अंगावर दंड बसू नये, कोपीत ना पाणी ना आडोसा, म्हणून पिशवीच काढून टाकायची. आणि ती काढून द्यायला तयार बसलेले दवाखाने! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांमागे त्रेचाळीसहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास आहे. का? पोरीला कोपीत एकटी ठेवायची भीती, आणि लग्न झाले की एक नवा कोयता तयार. ज्या नानांनी कर्जापासून वाचवण्यासाठी लग्न स्वस्त केले, त्यांच्याच मतदारसंघात कर्ज मिळावे म्हणून लेकरांची लग्ने लागतात. आणि यांना सुवर्णस्मृती वर्ष साजरे करायचे आहे!

नानांची लेक हौसाताई पोलीस ठाण्याबाहेर मार खाण्याचे नाटक वठवून आत सहकाऱ्यांना हत्यारे लांबवायला वाट करून देत होती, गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगातल्या साथीदारापर्यंत निरोप पोहोचवत होती. ही बाई २०२१ पर्यंत आपल्यात होती. तिच्या भेटीला जाऊन, तिच्यासोबत फोटो काढून आलेल्या एकाही मंत्र्याला त्याच रस्त्याने पुढे जाऊन कारखान्याच्या अड्ड्यावरच्या कोपीत वाकून पाहावेसे वाटले नाही?

आता पन्नाशीची दुसरी गोष्ट. नाना गेले ते १९७६ साली, आणीबाणी चालू असताना. त्यांचा पक्ष त्या आणीबाणीच्या पाठीशी उभा होता. प्रतिसरकारच्या सेनापतीच्या पक्षाने लोकांची तोंडे बांधणाऱ्या सरकारची पालखी वाहावी, हा काळाचा क्रूर विनोद. डाव्यांनी त्याचाही हिशेब कधीतरी द्यावा. पण त्याच वर्षी, त्याच सरकारने, एक कायदा केला. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. तो काय म्हणतो? दिलेल्या अग्रिम रकमेपोटी माणसाला दुसरीकडे काम करण्याचे, हवे तिथे जाण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, तर ती वेठबिगारी. असे कर्ज रद्द. वसूल करणारा गुन्हेगार. वेठबिगार शोधून मुक्त करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती.

अहो, ही उचल नाही तर दुसरे काय आहे? मुकादमाची वही आणि या कायद्याची व्याख्या शेजारी ठेवा आणि सांगा, यांत कुठे काना-मात्रेचा तरी फरक आहे? तरीही पन्नास वर्षे बीडपासून कोल्हापूरपर्यंत जिल्हाधिकारी येतात आणि जातात, आणि त्यांना वेठबिगार काही दिसत नाही. दिसावा तरी कसा? जिल्हाधिकाऱ्याच्या शेजारी नियोजन समितीच्या खुर्चीत जो बसतो, त्याच्याच नाहीतर त्याच्या सोयऱ्याच्या कारखान्याच्या फडात तो वेठबिगार वाकलेला आहे! ६ डिसेंबरला नानांच्या पन्नाशीची पुरवणी काढणाऱ्यांनी या दुसऱ्या पन्नाशीबद्दलही दोन ओळी छापाव्यात. पण ती पुरवणी कोणाच्या जाहिरातींवर निघणार, हे आम्हाला ठाऊक आहे.

कारखानदार म्हणतील, मुकादम आम्हालाच लुबाडतात. लाखोंची उचल घेऊन टोळी येतच नाही, वाहनमालक शेतकरी देशोधडीला लागतो. खरे आहे. सांगली-कोल्हापूरच्या गावागावांत असे बुडालेले ट्रॅक्टरवाले आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे रडणे खोटे नाही. पण बाबांनो, हा सारा पैसा करारनाम्याशिवाय, बँकेच्या खात्याशिवाय, मजुराच्या नोंदीशिवाय अंधारातून का फिरतो? अंधार कोणाला हवा आहे? ज्या दिवशी तोडणारा कारखान्याचा नोंदलेला कामगार होईल, मजुरी थेट त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या वेगवेगळ्या खात्यात पडेल, त्या दिवशी मुकादमाला पळून जायला वाटच उरणार नाही. पण त्या दिवशी भविष्यनिर्वाह निधी, विमा, प्रसूतीची रजा, सारे काही कारखान्याच्या गळ्यात पडेल. म्हणून अंधार! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे ढोल अजून वाजत आहेत. वाढ झाली ते चांगलेच झाले, पण दर वाढला म्हणून वही उघडली का? तोडणी यंत्रे येणार, मग प्रश्नच मिटेल, असेही काही शहाणे सांगतात. म्हणजे माणसाला माणूस म्हणून नोंदण्यापेक्षा त्याला हाकलून लोखंड आणणे यांना सोपे वाटते.

हे सारे अशक्य आहे, असे आम्हाला कोणी सांगू नये. याच प्रतिसरकारातून आलेल्या नागनाथअण्णांनी वाळव्यात हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाने कारखाना काढला आणि उसाला चांगला दर देऊनही कारखाना चालतो हे भल्याभल्यांना दाखवून दिले. बिळाशीच्या मुलखापासून आटपाडीपर्यंत धरणग्रस्तांसाठी आणि दुष्काळी तालुक्यांच्या समान पाणीवाटपासाठी हा म्हातारा मरेपर्यंत रस्त्यावर होता. २०१२ साली गेला. त्याला कोणी स्मृतिदिनाची वाट पाहायला सांगितले नव्हते. बापूंनी, अण्णांनी नानांचे जे घेतले ते घेतले. बाकीच्यांनी घेतले ते फक्त नाव. शाळेला नाव, चौकाला नाव, पतसंस्थेला नाव. आणि त्याच पतसंस्थेने ठेवीदार बुडवले की पाटीवरचे ते नावही काळे!

आमची मागणी स्पष्ट आहे. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ऊसपट्ट्याच्या आणि ऊसतोड कामगार पाठवणाऱ्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याने १९७६ च्या कायद्याखालची दक्षता समिती बसवावी, तिच्या सदस्यांची नावे जाहीर करावीत आणि मुकादमांच्या वह्या तपासायला घ्याव्यात. कोयत्यातल्या दोघांचीही नावे कारखान्याच्या पटावर चढल्याशिवाय गाळपाचा परवाना देऊ नये. मंत्र्यांना, आमदारांना, अध्यक्षांना आणि उपाध्यक्षांना ६ डिसेंबरला नानांना अभिवादन करायचेच असेल, तर त्या दिवशी हंगाम ऐन भरात असतो. फडात पहाटे चारला तोड सुरू होते. तिथे या, मोळी डोक्यावर घ्या, आणि एका कोयत्याचा हिशेब त्या बाईसमोर मोठ्याने वाचून दाखवा. तेवढे झाले की मग मांडवाच्या परवानगीचे बोलू.